साक्षीदार की न्यायाधीश?

'छावा' या चित्रपटावर आपल्या मंडळात चर्चा झाली, तिच्या अखेरीस एका ज्येष्ठ सभासदांनी एक साधा प्रश्न विचारला होता : "हा चित्रपट आपणांस आवडला, तो चांगला आहे म्हणून, की आपला आहे म्हणून?" वेळ संपत आली होती, चहा आला होता, आणि प्रश्न अनुत्तरितच राहिला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे. तो करताना मला स्वतःच्या काही चुका कबूल कराव्या लागणार आहेत, हे आरंभीच सांगून टाकतो.

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मराठी प्रेक्षकाला जितका पडतो, त्याहून आपल्याला अधिक पडावयास हवा. तेथे शेजारच्या खुर्चीवरचा माणूसही बहुधा मराठीच असतो. धार-देवासमध्ये तसे नाही. पवारांच्या स्वाऱ्यांबरोबर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपले पूर्वज माळव्यात आले, त्याला आता पावणेतीनशे वर्षे उलटून गेली. घरात मराठी, बाजारात माळवी, कचेरीत हिंदी अशी आपली तीन भाषांची वहिवाट आहे. मराठी चित्रपट पाहायचा तर इंदूर गाठावे लागते, किंवा मंडळाने पडदा लावण्याची वाट पाहावी लागते. त्यामुळे मराठी विषयावरचा कोणताही चित्रपट, मग तो हिंदीत का असेना, आपल्याकडे माहेरच्या पाहुण्यासारखा येतो. माहेरचे माणूस दारात आले की त्याच्या सदऱ्याची शिवण कोणी तपासत नाही.

आपल्या भाषेने या बाबतीत दोन म्हणी देऊन ठेवल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे' ही एक. 'ज्याचे जळते त्यालाच कळते' ही दुसरी. पहिली सांगते की आपलेपणा दृष्टी आंधळी करतो. दुसरी सांगते की आपलेपणाखेरीज दृष्टीच नाही. समीक्षेच्या पुस्तकांतून जो वाद पानेच्या पाने चालतो, तो या दोन ओळींत आटोपला आहे. प्रश्न एवढाच की चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाला यांपैकी कोणती म्हण लागू पडते?

आता माझी कबुली. डिसेंबर २०१५ मध्ये संजय लीला भन्साळी यांचा 'बाजीराव मस्तानी' आला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात, हे गाणे पडद्यावर येण्यापूर्वीच त्यावरून गहजब झाला होता. पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला होता, पुण्यात निदर्शने झाली होती. मीही त्या वेळी कचेरीत, घरी, भेटेल त्याच्याजवळ तावातावाने बोललो. पेशव्यांच्या घरची लक्ष्मी अशी नाचेल काय? काशीबाईंना पायाचे दुखणे होते असे सांगतात, त्याचे काय? नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीरावांच्या समाधीपुढे मी अनेकदा हात जोडून उभा राहिलो आहे. २८ एप्रिल १७४० रोजी तेथे देह ठेवणारा तो पुरुष पडद्यावर 'मल्हारी'च्या ठेक्यावर पावले टाकतो, हे मला सहन झाले नाही. इतिहासाशी खेळण्याचा अधिकार कोणाही कलावंताला नाही, असे माझे मत होते आणि ते मी मोठ्याने मांडत होतो.

पुढे त्याच दिग्दर्शकाचा 'पद्मावत' आला. राणी पद्मिनी घूमर नाचते यावरून राजपूत समाजात संताप उसळला. मध्य प्रदेशासह काही राज्यांनी बंदीची भूमिका घेतली. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला स्थगिती दिली. तत्पूर्वी निर्मात्यांनी चित्रपटाचे नाव बदलले होते आणि त्या गाण्यात राणीची उघडी कंबर झाकून घेतली होती. माझे एक जुने सहकारी धार जिल्ह्यातलेच राजपूत. ते फार दुखावले होते. मी त्यांना वडीलकीच्या सुरात समजावले : कला ती कला; तिला इतिहासाच्या तराजूत तोलू नये; मलिक मुहम्मद जायसीचे 'पद्मावत' हेही अखेर काव्यच. त्यांनी माझे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. मग एवढेच म्हणाले, "भाईसाहब, पिंगा में इतिहास और घूमर में कला? ये कैसा न्याय हुआ?"

मला उत्तर सुचले नाही. ते प्रामाणिकपणे आजही सुचलेले नाही.

त्यानंतरही मी शहाणा झालो असे नाही. डिसेंबर २०१९ मध्ये आशुतोष गोवारीकरांचा 'पानिपत' आला. आम्ही घरची मंडळी इंदूरला तो पाहावयास गेलो. १४ जानेवारी १७६१ च्या त्या रणात धारचे यशवंतराव पवार पडले, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. मी चित्रपट पाहत होतो असे म्हणण्यापेक्षा यशवंतरावांची वाट पाहत होतो असे म्हणणे अधिक खरे. मध्यंतरात आमच्या सूनबाईंनी, ज्या रतलामकडच्या हिंदी घरातून आल्या आहेत, निरागसपणे विचारले, "बाबा, यात शेवटी जिंकतं कोण?" मला त्या क्षणी राग आला. ज्या भाषेत 'पानिपत होणे' म्हणजे सर्वनाश होणे, ज्या भाषेत विश्वास पानिपतावरच गेला असे म्हणतात, त्या भाषेच्या घरात हा प्रश्न! परंतु परतीच्या वाटेवर माझ्या लक्षात आले की प्रश्न अगदी रास्त होता. शेवट आपल्याला आधीच ठाऊक असल्यामुळे आपण पहिल्या दृश्यापासून गलबललेले असतो, आणि ती गलबल दिग्दर्शकाची कमाई आहे असे समजतो. सूनबाईंना गलबलवायचे तर दिग्दर्शकाला ते काम पडद्यावर करावे लागणार होते. भाऊसाहेब आणि पार्वतीबाईंच्या प्रणयात रेंगाळणारा, अब्दालीला क्रौर्याच्या एकाच सुरात बोलावयास लावणारा तो चित्रपट ते काम पुरेसे करीत नव्हता. मी मात्र घरी आल्यावर 'उत्तम' असा शेरा मारून मोकळा झालो होतो.

त्याच आठवड्यात राजस्थानात जाट समाजाने 'पानिपत'विरुद्ध आंदोलन केले. भरतपूरचे महाराजा सूरजमल यांना मदतीच्या बदल्यात आग्र्याचा किल्ला मागणारा सौदागर दाखवले, ही त्यांची तक्रार. निर्मात्यांना तो भाग कापावा लागला. मी म्हणालो, "सिनेमाच तो, एवढे काय मनाला लावून घ्यायचे?" हे वाक्य उच्चारताच मला पिंगा आठवला आणि मी गप्प झालो. शिवाय जाटांच्या तक्रारीत तथ्यही होते. पानिपताहून जखमी, उपाशी, उघडे होऊन परतणाऱ्या मराठ्यांना सूरजमलांनी आश्रय दिला, अन्नवस्त्र दिले, हे आपल्याच इतिहासकारांनी लिहून ठेवले आहे. ते ऋण निदान माझ्या तरी ध्यानात राहावयास हवे होते. तीन चित्रपटांत मी तीन वेगवेगळे न्याय केले, आणि प्रत्येक वेळी निकाल आधी व कारणे मागाहून आली.

हा दोष माझ्या एकट्याचा असता तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. याबद्दलचा एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. १९५१ साली अमेरिकेत प्रिन्सटन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत फुटबॉलचा सामना झाला. तो फार दांडगाईचा झाला. प्रिन्सटनच्या नावाजलेल्या खेळाडूचे नाक मोडले. पुढे हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याचा तोच एक चित्रपट दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवला आणि नियमभंग मोजावयास सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे सरासरी ४.३ आणि प्रतिपक्षाचे ४.४ नियमभंग दिसले, म्हणजे जवळजवळ फिटंफाट. प्रिन्सटनच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे ४.२ दिसले आणि डार्टमथचे ९.८! हा अभ्यास १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेला निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. दोघांनी एकच गोष्ट पाहून निरनिराळे मत दिले असे नसून, दोघांनी पाहिलेली गोष्टच निराळी होती. म्हणजे आपलेपणा केवळ निकालात शिरत नाही, तो डोळ्यांतच शिरलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, मग आपल्या माणसाने आपल्या चित्रपटाविषयी बोलूच नये काय? येथे मला माझ्या नोकरीतला एक नियम आठवतो. महसूल न्यायालयात एखाद्या प्रकरणाचा पक्षकार अधिकाऱ्याचा नातलग निघाला, तर अधिकारी ते प्रकरण स्वतः चालवीत नाही. ते दुसऱ्या न्यायालयाकडे सोपवले जाते. पण तोच नातलग त्या शेताच्या बांधावर लहानाचा मोठा झाला असेल, तर त्याची साक्ष सर्वांत मोलाची असते. विहीर कोणी खणली, आंबा कोणी लावला, पाण्याची पाळी कोणाची होती, हे त्याच्याखेरीज कोण सांगणार? नातलग न्यायाधीश म्हणून वाईट, साक्षीदार म्हणून मात्र उत्तम. चित्रपटाच्या बाबतीतही माझे म्हणणे एवढेच आहे. समान वंश, समान भाषा, समान स्मृती असलेला प्रेक्षक हा त्या चित्रपटाचा साक्षीदार आहे. त्याने साक्ष द्यावी, निकाल देण्याची घाई करू नये.

पिंग्याचेच उदाहरण पुन्हा घेतो. पिंगा हा मंगळागौरीचा खेळ आहे. श्रावणातल्या रात्री सुवासिनी जागरणात तो खेळतात. तेथे कोणी प्रेक्षक नसतो, सगळ्याच खेळणाऱ्या असतात. ज्याच्या घरी माजघरात तो खेळला गेला आहे, त्याला पडद्यावरचा पिंगा परका वाटेल, आणि तसे त्याने अवश्य सांगावे. ही साक्ष झाली. त्या साक्षीवरून समीक्षकाचा प्रश्न असा निघाला असता : घरातल्या खेळाचा रंगमंचावरचा नाच केल्याने काशीबाईंच्या दुःखाचे काय झाले? दोन सवतींमधली तेढ एका गाण्यात मिटवून टाकली, हे कथेला पेलते काय? ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'चे वाचक या प्रश्नावर पुष्कळ बोलू शकले असते. मी मात्र 'पेशव्यांच्या घरची लक्ष्मी' या शब्दांशीच थांबलो. तो प्रश्न मानाचा होता, चित्रपटाचा नव्हता. आणि त्याची किंमत मला मोजावी लागली. काही वर्षांनी दूरदर्शन संचावर तोच चित्रपट लागला असता, काशीबाई आपल्या महालात नवऱ्याला जाब विचारतात तो प्रसंग मी जणू प्रथमच पाहिला. आवाज न चढवता ती स्त्री किती बोलून जाते! २०१५ मध्ये मी त्याच चित्रपटगृहात, त्याच प्रसंगासमोर बसलो होतो. पण माझे मन पिंग्यावर रुसून बसले होते. चित्रपटातली सर्वांत मराठी गोष्ट मी मराठीपणाच्या अभिमानापायी गमावली.

साक्षीची आणखी एक अट आहे. ती पाहिलेल्या गोष्टीची असावी लागते. ऐकीव पुरावा न्यायालय सहसा घेत नाही. या कसोटीवर आपण माळव्यातले मराठी कितपत उतरतो? नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ मध्ये महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. आमच्या एका घरगुती बैठकीत तो पाहिल्यावर पहिला उद्गार निघाला, "असला महाराष्ट्र आम्हांला ठाऊक नाही." दुसरा निघाला, "आपली बदनामी कशासाठी?" या 'आपली' शब्दात जब्या नव्हता. भाषा आपली, गाव आपल्या मुलखातले, पण डुक्कर पकडण्यासाठी गावभर धावणारे ते कैकाडी कुटुंब आपले नव्हते. ऐन पकडण्याच्या क्षणी शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते आणि ते सारे कुटुंब निश्चल उभे राहते, या दृश्याला तोड नाही. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ पडद्याबाहेर, आपल्याकडे येतो. 'ज्याचे जळते त्यालाच कळते' ही म्हण आपण आपल्यासाठी राखून ठेवली होती. येथे ती आपल्यावरच उलटली. मराठीपणा हा एकसंध नाही, हे त्या दिवशी मला कळले. आपण जो महाराष्ट्र जपतो तो वाड्यांचा, सणांचा, बखरींचा. तोही बराचसा आजोबांकडून ऐकलेला. त्यापलीकडच्या महाराष्ट्राविषयी आपण साक्ष देऊ नये, ऐकून घ्यावी.

याच्या उलट अनुभव 'श्वास'चा. २००४ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. 'श्यामची आई'नंतर अर्ध्या शतकाने हा मान मराठीकडे आला होता. तो ऑस्करसाठी भारतातर्फे गेला तेव्हा सामान्य मराठी माणसांनी वर्गण्या दिल्या. तो पाहताना आम्ही सारे रडलो. पण त्या आसवांत चित्रपटाचा वाटा किती आणि सुवर्णकमळाचा किती, हे आम्हांला सांगता आले नसते. ते आमच्या शेजारच्या बाईंनी सांगितले. त्यांना मराठीचे चार शब्दही येत नाहीत. डोळ्यांचा कर्करोग झालेल्या नातवाची दृष्टी शस्त्रक्रियेने जाणार, म्हणून तत्पूर्वी आजोबा त्याला दवाखान्यातून बाहेर नेऊन जग दाखवून आणतात, हे पाहताना त्यांनी डोळ्यांना पदर लावला. त्यांच्याजवळ ना कोकणची आठवण होती, ना मराठीचा अभिमान. तरीही चित्रपट त्यांच्यापर्यंत पोहोचला, तेव्हा आमची पारख त्या दिवशी तरी बरोबर होती एवढे सिद्ध झाले.

आपलेपण हे जन्मानेच येते असेही नाही, हे देवासकरांना वेगळे सांगावयास नको. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत कानडी घरात जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयरोगाने जर्जर होऊन देवासला आले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळवी बायकांची गाणी ऐकली, आणि माळव्याच्या लोकधुनांचा त्यांच्याइतका जाणता साक्षीदार क्वचितच झाला असेल. शबनम विरमाणी यांचा 'कोई सुनता है' (२००८) हा अनुबोधपट कुमारजी आणि कबीर यांच्या मागावर फिरतो. तो पाहताना आपल्या गावाची टेकडी दिसली की मन भरून येते, हे खरेच. पण कुमारजींना टेकडी दिसण्याआधी गाणे ऐकू आले होते. मन लावून ऐकणारा परका हा बेसावध आप्तापेक्षा केव्हाही चांगला साक्षीदार, हे त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत सिद्ध केले.

आता 'छावा'कडे येतो, कारण प्रश्न तेथूनच निघाला. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी हा चित्रपट प्रदर्शित झाला. शिवजयंतीला मध्य प्रदेश शासनाने तो करमुक्त जाहीर केला. प्रदर्शनापूर्वी संभाजीराजांच्या लेझीम नृत्यावर आक्षेप आला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य वगळले. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणाबद्दल तक्रार केली. म्हणजे खुद्द मराठी घरातही एक प्रेक्षक नव्हता. आपल्याच राज्यात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात, चित्रपटातला खजिना पाहून लोक रात्री शेते खणून मोहरा शोधू लागल्याच्या बातम्या आल्या. ज्याने त्याने आपापले पाहिले. कोणाला राजा दिसला, कोणाला आजोबा, कोणाला सोने.

या वेळी मी एक केले. त्या राजपूत मित्रांना बरोबर नेले. अखेरचा छळाचा भाग सुरू झाला तेव्हा त्यांनीही माझ्यासारखीच मान खाली घातली. बाहेर आल्यावर मी त्यांना विचारले, "चित्रपट म्हणून कसा वाटला?" ते म्हणाले की, दुःख पोहोचले, माणूस कमी पोहोचला, लढाया इतक्या झाल्या की राजाचे मन पाहावयास उसंत मिळाली नाही, आणि औरंगजेब कमी बोलतो म्हणून अधिक लक्षात राहतो. मला हे पटले. माझ्या मनातही ते होते, पण मी ते स्वतःशीदेखील बोललो नव्हतो. मग मी त्यांना माझी साक्ष दिली : 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ रचणारा हा राजा आमच्या आजीच्या तोंडी कसा असे, शिवाजी सावंतांची कादंबरी आमच्या घरात कशी हातोहात फिरली. त्यांनी ती मन लावून ऐकली. परत येताना अमझेऱ्याचा विषय निघाला. मला ते गाव १७२८ साठी ठाऊक. चिमाजी अप्पांनी तेथे माळव्याच्या सुभेदाराचा, गिरिधर बहादुराचा पाडाव केला. त्यांना ते १८५७ साठी ठाऊक. तेथल्या राणा बख्तावरसिंहांना इंग्रजांनी पुढल्या वर्षी इंदूरला फाशी दिले. गाव एकच. त्यावर कोणी चित्रपट काढलाच, तर तो आम्ही दोघांनी शेजारी बसूनच पाहावा लागेल.

साक्ष कितीही खरी असली तरी उलटतपासणीवाचून ती ग्राह्य धरीत नाहीत, आणि उलटतपासणी स्वतःची स्वतःला करता येत नाही. ती दुसऱ्यानेच करावी लागते. नागपूरकर भोसल्यांचे स्वार बंगालमध्ये 'बर्गी' म्हणून अंगाईगीतांत शिरले, मुलांना भिवविण्यासाठी, हे आपल्याला बंगाल्याखेरीज कोण सांगणार होते?

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. यापुढे मराठी विषयावरच्या चित्रपटाची चर्चा होईल, तेव्हा निदान चार-दोन बिगरमराठी शेजाऱ्यांना आवर्जून बोलवावे, आणि त्यांना बोलता यावे म्हणून तेवढ्यापुरती हिंदी चालू द्यावी. यामुळे मंडळाचे मराठीपण पातळ होईल अशी भीती काही सभासदांना वाटेल, हे मी जाणून आहे. पावणेतीनशे वर्षांत जे पातळ झाले नाही, ते एका संध्याकाळच्या हिंदीने होणार नाही. पुढील सभेला माझ्या मित्रांना मी घेऊन येणार आहे. परवानगी असावी, ही विनंती.